हांजी हांजी नव्हे, उत्तर

नमस्कार.

माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "लिनक्स कर्नलला ड्रायव्हरचा पॅच कसा पाठवावा हे सांगायच्या नावाखाली तुम्ही मेंटेनरची हांजी हांजी करायला शिकवताय," हे तुमचं पहिलंच वाक्य. (कर्नल म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ड्रायव्हर म्हणजे उपकरण चालवणारा कोड, पॅच म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल, आणि मेंटेनर म्हणजे तो स्वीकारायचा की नाही हे ठरवणारा.) त्याखाली, कोडची ओळ ८० अक्षरांत बसवा या माझ्या सल्ल्यातली चूक, आणि दोन ओळींच्या दुरुस्तीसाठी चार-चार आवृत्त्या मागितल्या तर नवी मुलं टिकतील का, हा प्रश्न.

ओळीचं तुमचं बरोबर आहे. २०२० पासून चेकपॅच, म्हणजे पॅचची मांडणी तपासणारी स्क्रिप्ट, १०० अक्षरांपर्यंत तक्रार करत नाही. लेखात दुरुस्त केलंय.

आता हांजी हांजी. हा शब्द मला लागला. मी लिहिलं काय होतं? रिव्ह्यू, म्हणजे पॅचची तपासणी, करणाऱ्याच्या प्रत्येक मुद्द्याखाली उत्तर लिहा, गुपचूप व्ही२ (दुसरी आवृत्ती) पाठवून मोकळे होऊ नका. यात लाचारी कुठे दिसली तुम्हाला? पटत नसेल तर 'पटत नाही, कारण हे' असं लिहा, हेही त्याच परिच्छेदात आहे. तिथपर्यंत वाचलंत का? कर्नलचं स्वतःचं डॉक्युमेंटेशनसुद्धा सांगतं की एखाद्या शंकेमुळे कोड बदलला नाही, तरी निदान कोडमध्ये टिप्पणी किंवा चेंजलॉगमध्ये (बदलाच्या वर्णनात) नोंद यायला हवी, म्हणजे पुढच्या रिव्ह्यूअरला उलगडा होतो.

माझा पहिला पॅच एका यूएसबी उपकरणाच्या ड्रायव्हरचा होता. माझ्या टेबलावर तीन महिने बिनतक्रार चाललेला. रिव्ह्यूत एकच ओळ आली: कम्प्लिशन हँडलरमध्ये बफर घेताना जीएफपी_कर्नल का? म्हणजे, यूएसबीची देवाणघेवाण संपल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये, गरज पडल्यास थांबून राहणारी मेमरीची मागणी का? मीही तुमच्यासारखाच उखडलो. दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी, समोरचा चुकलाय हे दाखवायचंच म्हणून, अ‍ॅटॉमिक स्लीपचं डीबगिंग (थांबायला मनाई असलेल्या जागी कोड थांबू शकत असेल तर इशारा देणारी तपासणी) चालू करून कर्नल बिल्ड केलं, आणि लॉग इशाऱ्यांनी भरून गेला. इंटरप्टमधून, म्हणजे उपकरणाने प्रोसेसरला दिलेल्या हाकेवर, चालणाऱ्या कोडला झोपायची, म्हणजे वाट पाहत थांबायची, मुभा नसते. माझ्या मशीनवर मेमरी भरपूर मोकळी होती, म्हणून झोपायची वेळच आली नव्हती. मेमरी कमी पडली असती तर दुसऱ्या कुणाचं तरी मशीन जागच्या जागी लटकलं असतं. जीएफपी_अ‍ॅटॉमिक, म्हणजे न थांबता मेमरी मागणं; एका शब्दाचा बदल. माझ्या अडेलपणामुळे तो व्ही३ मध्ये गेला.

त्या माणसापुढे मी वाकलो नाही. त्याने विचारलं, मी तपासलं, आणि तो बरोबर निघाला.

रिव्ह्यूत कडवटपणा असतो हे मला सांगू नका. सप्टेंबर २०१८ मध्ये खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या वागण्याबद्दल माफी मागितली आणि कर्नलने आचारसंहिता स्वीकारली. त्याच्या आधीच्या मेल मी वाचल्या आहेत, काही माझ्याच पॅचवरच्या होत्या. त्यांतल्या एकीतही कुणी मला चमचा म्हटलं नव्हतं.

नव्या मुलांचा प्रश्न वेगळा आहे, त्यात आज शिरत नाही.

तुमचा एखादा पॅच असेल तर जरूर पाठवा, मनापासून वाचेन. फक्त मी शंका काढली, तर तिच्याखाली उत्तर लिहा.