राउंड, रँडम आणि नाव गमावलेले शशीकाका

‘पायथनची तयार फंक्शन्सच गंडलेली आहेत, हे घ्या तीन पुरावे. आत शिरून तपासायची सोयही नाही, तेव्हा सगळं स्वतः लिहा,’ असा पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेबद्दलचा एक फॉरवर्ड सध्या जोरात फिरतोय. पुराव्यातली आउटपुटं खरी आहेत. बोंब आहे ती निष्कर्षात.

पहिला पुरावा, आकडा पूर्णांकात आणणाऱ्या राउंडला २.५ दिले की ३ ऐवजी २ येतात. येणारच. अर्धा दिसला की वर ढकलायचा हा शाळेतला नियम मोठ्या यादीला लावला, की बेरीज हळूहळू फुगत जाते. म्हणून पायथन ३ (२००८) पासून बरोबर मधला आकडा जवळच्या सम संख्येकडे जातो. २.५ चे २, पण ३.५ चे ४. बिलासाठी शाळेचाच नियम हवा असेल, तर डेसिमल मॉड्यूलमध्ये (मॉड्यूल म्हणजे तयार कोडची फाइल) तो तयार आहे.

दुसरा, मजकुराच्या सुरुवातीची चिन्हं काढणारं एलस्ट्रिप नको तेवढं खातं. यात मीही तोंडावर आपटलोय. सोसायटीच्या यादीतून प्रत्येक नावापुढचं ‘श्री. ’ काढायला हेच वापरलं. रमेशचा ‘मेश’ झाला, शरदरावांचे ‘द’ आणि शशीकाकांचं नुसतं आडनाव उरलं. कारण एलस्ट्रिपला शब्द कळत नाही. त्याच्या लेखी ती सुट्या चिन्हांची पिशवी असते: श, हलन्त, र, दीर्घ ईची वेलांटी, टिंब, मोकळी जागा. यातलं जे डावीकडून सापडेल ते उडवत जायचं, पिशवीबाहेरचं चिन्ह आलं की थांबायचं. शब्दच काढायचा तर ३.९ आवृत्तीपासून (२०२०) रिमूव्हप्रीफिक्स आहे.

तिसरा म्हणजे ‘रँडममध्ये रँडइंट नाहीच’ ही एरर. रँडम हे मॉड्यूल, आणि रँडइंट हे त्यातलं दोन टोकांमधला कुठलाही पूर्णांक देणारं फंक्शन. बहुतेक वेळा सरावाच्या फाइलीलाच आपण रँडम नाव दिलेलं असतं, आणि पायथन आधी तीच उचलतं. मॉड्यूलचं ‘__file__’ अॅट्रिब्यूट (ते कुठल्या फाइलीतून आलं तो पत्ता) प्रिंट करा, चोर घरातच सापडेल.

आत शिरता येत नाही, ही तर थापच. ३.७ पासून कोडमध्ये ब्रेकपॉइंट लिहिला की डीबगर, म्हणजे कोड ओळीओळीने चालवून दाखवणारं साधन, उघडतो. ‘एस’ दाबून रँडइंटमध्ये उतरा, आत एकच कामाची ओळ आहे: वरच्या टोकात एक मिळवून रँडरेंजला हाक, कारण रँडरेंज वरचं टोक सोडतं. दोन्ही टोकं का धरली जातात, ते तिथेच दिसतं. व्हीएस कोड या एडिटरमध्ये डीबगर लायब्ररीवरून (तयार कोडवरून) उडी मारतो, कारण ‘जस्ट माय कोड’ (फक्त माझाच कोड दाखव) हे सेटिंग मुळातच चालू असतं. ते बंद करा.

राउंड आणि एलस्ट्रिप मात्र सी या दुसऱ्या भाषेत लिहिलेली आहेत, तिथे ‘एस’ चालत नाही. लायब्ररीत खरे बगही निघतात, नाही असं नाही. पण एलस्ट्रिपला दिलेला मजकूर उपसर्ग नव्हे, हे अधिकृत माहितीत स्पष्ट लिहिलंय. मी ते वाचलं तोवर यादी नोटीस बोर्डावर लागली होती, आणि ‘आमचं नाव का कापलं?’ म्हणत शशीकाका दारात उभे होते.