पंचवीस पौंडांचा राम

परशुरामाने सह्याद्रीवरून बाण मारला, समुद्र मागे हटला आणि बाण पडला तिथे बाणावली झाली, हे गोव्यात शेंबडं पोरही सांगतं. ते धनुष्य ओढायला किती पौंड जोर लागत होता, हे मात्र कोणी सांगत नाही. सांगितलं असतं तर माझे तीन रविवार वाचले असते.

आमच्या वाड्यावरच्या रामनवमीच्या नाटकातला राम नववीत शिकतो. गेल्या वर्षी त्याच्या हातात प्लायवूडचं धनुष्य होतं आणि रावणसुद्धा हसला होता. यंदा खरं, ताणता येणारं धनुष्य हवं, असं बैठकीत ठरलं. चहा गरम लागला म्हणून माझी मान हलली, ती होकार म्हणून वहीत गेली.

कुळागरात वाऱ्याने पडलेली पोफळ वर्षभर माळ्यावर वाळत होती. शेजारच्या मेस्ताने, म्हणजे सुताराने, तिची पाच फुटी पट्टी काढून दिली आणि बजावलं, "बाब, उणें करूं येता, चड करूं येना." कमी करता येतं, वाढवता येत नाही. मला वाटलं, तो मजुरीबद्दल बोलतोय.

धनुष्य तोलायला नेहमीच्या मासेवालीचा हुकाचा काटा आणला. भिंतीतल्या खुंटीवर मूठ अडकवायची, दोरीत हूक घालायचा, अठ्ठावीस इंचांपर्यंत ओढायचं आणि आकडा वाचायचा. पुस्तकी माप अठ्ठावीसच. पहिल्याच ओढीला काटा म्हणाला बावीस किलो, म्हणजे अठ्ठेचाळीस पौंडांच्या वर. रामाला हवे पंचवीस पौंड, म्हणजे अकरा किलो.

निम्मं करायचं म्हणून मी निम्मी जाडी तासायला बसणार होतो. रंधा हातात होता. नशिबाने तेवढ्यात मेस्त पान मागायला आला आणि किंचाळला. लाकडाचं गणित वाण्याच्या गणितासारखं नसतं. जाडी निम्मी केली की ताकद आठवा हिस्सा उरते. नुसता दहावा हिस्सा काढला तरी पाव हिश्श्याहून जास्त जोर जातो. तेही पोटाकडून, म्हणजे आपल्याकडच्या बाजूने. पाठीला हात लावायचा नाही, तिथला एक धागा तुटला तरी धनुष्याचे दोन तुकडे.

मग मी काचेच्या तुकड्याने खरवडायला बसलो. दहा वेळा खरवडायचं, तीस वेळा ओढायचं, मग तोलायचं. ओढून लाकडाला सवय लावली नाही तर काटा एक सांगतो आणि उद्या धनुष्य दुसरंच. वरची बाजू वाकते, खालची फुगून बसते. खालची समजवावी तर वरची रुसते. दोन सुनांच्या घरात राहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. दिवाणखान्यात भुसा, भुशात मी. "अहो, त्यापेक्षा राम बदला," बायको म्हणाली.

दुसऱ्या रविवारी सोळा. तिसऱ्या रविवारी तेरा. संध्याकाळी दिवे गेले, मेणबत्तीत 'थोडंसंच' खरवडलं आणि दिवे आले तेव्हा काटा साडेआठ दाखवत होता. मेस्ताचं वाक्य तेव्हा कळलं. तरी एक पळवाट निघाली: टोकं कापली की धनुष्य आखूड होतं आणि ताठरतं. दोन्हीकडून दीड-दीड इंच उडवलं, पुन्हा खाचा पाडल्या, पावणेदहा झालं. मी समाधानाने घाम पुसला.

तालमीला रामाने धनुष्य दोन बोटांत ओढलं, हनुवटीपर्यंत. त्याचे हात चोवीस इंचांत संपतात, हे मी मोजलंच नव्हतं. ओढ आखूड, म्हणून जोरही कमी. "काका, हे तर हलकं आहे," म्हणाला आणि दुसऱ्या हाताने मोबाइल बघू लागला.

घरी येऊन सहज शंका म्हणून तांदळाची पाच किलोची बंद पिशवी हुकाला लावली. काटा म्हणाला, साडेपाच.

बायको किती तरी वेळ त्या आकड्याकडे बघत होती. धनुष्याबद्दल तिने काही विचारलं नाही. गेल्या चतुर्थीनंतर आपण मासेवालीकडून इसवण, म्हणजे सुरमई, नेमका किती किलो घेतला, एवढंच विचारलं आणि कॅल्क्युलेटर शोधायला उठली.