टीव्हीवरचा हिशोब आणि आमची आरामखुर्ची

लॉकडाऊनमध्ये एक व्यसन लागलं ते अजून सुटलेलं नाही, जुन्या वस्तू दुरुस्त करायचे शो बघायचे. अमेरिकन रिस्टोरेशन तर इतकं बघितलंय की लास वेगासचं ते रिक डेलचं वर्कशॉप मला आता मामाच्या घरासारखं वाटतं. गंजलेलं कोकचं मशीन येतं, मग सँडब्लास्टिंग म्हणजे वाळूचा मारा करून गंज उडवणं, मग लालभडक रंग, मग गिऱ्हाईक डोळे पुसतंय, खेळ खल्लास. आणि मध्येच डॉलरचा असा काही आकडा कानावर पडतो की आपण मनातल्या मनात स्वतःचा माळा चाचपायला लागतो.

आमच्या माळ्यावर आजोबांची आरामखुर्ची होती. सागवानी, वेताची, ती हात पुढे ओढून त्यावर पाय टाकून पडायची असते ना, तीच. वेत फाटलेला, मागचा एक पाय चिरलेला. म्हटलं करूया नीट, जाऊन जाऊन किती जाणार, चार-पाच हजार.

विणणारा माणूस शोधण्यातच दीड महिना गेला. पूर्वी सरकारी ऑफिसातल्या खुर्च्या अंध कारागीर विणायचे, ते काम प्लॅस्टिकच्या खुर्च्यांनी खाल्लं, आता जो भेटतो तो पहिल्यांदा विचारतो प्लॅस्टिकचा वेत चालेल का. शेवटी एक काका मिळाले. त्यांनी पहिला अख्खा दिवस काहीच विणलं नाही, फ्रेमच्या एकेका भोकात अडकलेले जुन्या वेताचे तुकडे टोच्याने काढत बसले, भोकं किती तर शंभरच्या वर, मी मोजायचा नाद सोडला. मग वेत पाण्यात भिजवायचा, नाहीतर ओढताना तुटतो, मग उभा, आडवा, तिरका, परत उलटा तिरका. चार दिवस. टीव्हीवर हे सगळं आठ सेकंदात म्युझिक लावून दाखवतात!

विणकाम साडेपाच हजार, सुताराने पायाला जोड दिला त्याचे अडीच, लाखेचं पॉलिश सहा, टेम्पो जाऊन येऊन बाराशे. पंधरा हजार दोनशे. आणि जुनं फर्निचर घेणारा एकजण हौसेने बघायला आला तो म्हणाला सात देतो, तेही तुम्ही आहात म्हणून.

आता माझा मुद्दा. हे शो सगळं खोटं सांगतात असं नाही, पण मजुरी गिळतात. व्हीलर डीलर्स घ्या, गाड्यांचा आहे पण जात तीच. 2003 पासून चालू आहे. शेवटी गाड्या घेणारा-विकणारा निवेदक माइक ब्रूअर हिशोब मांडतो, गाडी एवढ्याला घेतली, पार्ट एवढ्याचे, विकली एवढ्याला, नफा एवढा. आणि तो मेकॅनिक एड चायना दिवसच्या दिवस गाडीखाली झोपलेला असायचा त्याचे? शून्य, धरतच नाहीत. म्हणजे खानावळ जोरात नफ्यात आहे, फक्त बायको पोळ्या लाटते ते धरलं नाही, त्यातला प्रकार. वर 2017 मध्ये चायना शो सोडून गेला तो ह्यामुळेच की वर्कशॉपमधल्या दुरुस्तीचा भाग कमी करायचं चाललं होतं, शूट करायला कटकट म्हणून. जे थोडेफार कष्ट दिसत होते तेही नकोत.

किमतीचं तर विचारूच नका. एक्स्पर्ट जो आकडा सांगतो तो कधी लिलावाचा अंदाज असतो, कधी दुकानात लागेल तो भाव, कधी इन्शुरन्ससाठीचा, आणि इन्शुरन्सचा सगळ्यात फुगलेला. आपल्या डोक्यात तिन्ही एकच होऊन बसतात. लिलावात विकलंत तरी कमिशन जातं, घेणाऱ्याकडूनही वेगळं घेतात. बरं एक्स्पर्ट तरी देव थोडाच. अमेरिकेतल्या अँटिक्स रोडशोमध्ये, म्हणजे लोक जुन्या वस्तू आणून एक्स्पर्टला किंमत विचारतात त्या शोमध्ये, एक विचित्र चेहऱ्यांची मातीची सुरई आली होती, एकोणिसाव्या शतकातली म्हणून 30 ते 50 हजार डॉलर सांगितले, 2016 मध्ये एपिसोड लागला आणि नंतर कळलं की ती 1970 च्या दशकात शाळेतल्या एका मुलीने केलेली. मग आकडा आला 3 ते 5 हजारांवर. सुरई तीच हं, एक टवकाही उडाला नव्हता.

आणि घासूनपुसून चकाचक केलं की भाव वाढतो हाही टीव्हीचाच गैरसमज. खऱ्या जुन्या फर्निचरवर वर्षानुवर्षं हात लागून जो रंग चढतो त्याचेच संग्राहक पैसे देतात, तो तुम्ही पॉलिश पेपरने घासून काढला की संपलं. मी काढला. मला कोणी सांगितलं नाही.

त्यातल्या त्यात मला बीबीसीचा द रिपेअर शॉप आवडतो. ससेक्समधल्या एका म्युझियमच्या जुन्या कोठारात बसून काम करतात, लोकांकडून पैसे घेत नाहीत आणि शेवटी किंमतही सांगत नाहीत. पण ह्याचाही त्रास आहेच, कारण फुकट झालेलं बघून आपण कारागिराकडे जातो आणि साडेपाच हजार ऐकल्यावर तोंड वाकडं करतो. मी केलं होतं. काकांनी नुसतं बघितलं माझ्याकडे आणि वेत भिजत घातला.

खुर्ची आता गॅलरीत आहे, आई तिच्यावर कोणाला बसू देत नाही, वेत सैल पडेल म्हणून. तिच्या जोडीचं पाय ठेवायचं स्टूल अजून माळ्यावरच आहे आणि काका गावी गेलेत ते दिवाळीनंतर येणार, तोवर पुण्यात कोणाच्या ओळखीत खरा वेत विणणारं कोणी असेल तर नंबर इनबॉक्स करा. भाव करणार नाही.