७:४० ची गाडी ७:३६ ला सुटली हे खरंय, आणि चूक ड्रायव्हरपेक्षा माझी जास्त आहे

नमस्कार मॅडम,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. लगेच उत्तर लिहायला बसलो होतो पण म्हटलं आधी लॉग बघू, त्या स्टॉपवर स्वतः जाऊन उभं राहू आणि मगच बोलू, म्हणून दोन दिवस लागले.

बाकीचे वाचताहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मॅडम आईला तपासणीला घेऊन निघाल्या होत्या, आमची ७:४० ची बस पकडायची होती. ७:३७ ला स्टॉपवर पोचल्या तर गाडी पुढच्या सिग्नलला वळताना दिसली, हात केला पण ती गेली. ८:१० ची आली ८:१९ ला, तीही खच्चून भरलेली, आईंना उभं राहून जावं लागलं आणि तिकडे नंबर गेला तो गेलाच. वर ऑफिसला फोन केला तर आमच्या माणसाने सांगितलं "५ मिनिटं आधी यायचं असतं". मॅडमनी लिहिलंय की उशीर एकवेळ समजू शकते पण वेळेआधी निघून जाणं ही फसवणूक आहे, ड्रायव्हरला काढून टाका.

जीपीएसचा लॉग काढला. गाडी तुमच्या स्टॉपवरून ७ वाजून ३६ मिनिटं २० सेकंदांनी हलली आहे. म्हणजे तुम्ही वेळेत होतात, आम्ही नव्हतो. तुमची आणि आईंची मनापासून माफी मागतो, आणि फोनवरच्या त्या उत्तराची तर वेगळी मागतो. ७:४० लिहिलंय तर ७:३९ ला आलेल्या माणसालाही गाडी मिळालीच पाहिजे. आमच्या पासच्या मागे "५ मिनिटं आधी यावे" असं छापलेलं होतं, ते वाक्य मी काढायला सांगितलंय. रोज जाता-येता ५-५ मिनिटं आधी येऊन उभं राहायचं म्हटलं तर दिवसाची १० मिनिटं, महिन्याचे २५ दिवस धरले तरी २५० मिनिटं होतात, म्हणजे चार तासांच्या वर. आमच्या गाडीवर भरवसा नाही म्हणून प्रवाशाने महिन्यातला अर्धा कामाचा दिवस स्टॉपवर उभं राहून घालवायचा, हे सांगायची आमची हिंमत तरी कशी झाली.

"चारच मिनिटं तर होती" असं ऑफिसमध्ये एकाने मलाही ऐकवलं. त्याला कागदावर मांडून दाखवलं. ७:४० ची गाडी ७:४४ ला आली असती तर तुमची चार मिनिटं गेली असती. तीच ७:३६ ला गेली तर तुम्हाला थेट ८:१०, म्हणजे ७:३७ पासून ३३ मिनिटं, आणि पुढची लेट झाली म्हणून प्रत्यक्षात ४२. इंग्लंडमध्ये लोकल बससाठी जो मापदंड आहे त्यात ५ मिनिटांपर्यंत उशीर वेळेवर धरतात पण लवकर सुटणं फक्त १ मिनिटापर्यंत, आणि ते असं का ठेवलंय हे तुमच्या त्या एका सकाळवरून कळतं.

आता ड्रायव्हरचं. तुमचा राग समजतो पण मी त्यांना काढणार नाही, आणि का ते इथे सगळ्यांसमोर सांगतो. काल पहाटे मी त्याच गाडीत त्यांच्या मागच्या सीटवर बसून पूर्ण फेरी केली. पहिली गोष्ट दिसली ती डॅशबोर्डवरचं घड्याळ, माझ्या मोबाइलपेक्षा बरोबर २ मिनिटं पुढे. प्रवासी मोबाइल बघतो, ड्रायव्हर समोरचं घड्याळ बघतो, आणि ते जुळवायचं काम कुणाचं हे आमच्याकडे ठरलेलंच नव्हतं. पण त्या घड्याळातसुद्धा त्या दिवशी ७:३८ च झाले असणार, म्हणजे सगळा दोष घड्याळाचा नाही.

मग मी त्यांना सरळ विचारलं की थांबला का नाहीत. ते म्हणाले, "साहेब, उशीर झाला की तुम्ही बोलावून घेता, लवकर गेलो तर आजवर कोणी विचारलेलं नाही." मला यावर बोलायला काही राहिलं नाही कारण ते शंभर टक्के खरं आहे. १० मिनिटं उशीर झाला की आम्ही लेखी घेतो. लवकरचा रिपोर्ट आमच्याकडे निघतच नव्हता, सॉफ्टवेअरमध्ये तो ऑप्शन होता, आम्ही कधी चालूच केला नाही. मग ड्रायव्हर काय करणार, पुढे चौकात ट्रॅफिक लागेल म्हणून आधीच्या रिकाम्या रस्त्यावर दोन-चार मिनिटं कमवून ठेवणार, आणि लास्ट स्टॉपला पाणी प्यायला, पाय मोकळे करायला तेवढाच जास्त वेळ मिळतो. मी त्यांच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

आणि मुळात ही मिनिटं कमवता येतात कारण वेळापत्रक मी तसं बनवलंय. उशिराच्या तक्रारी येऊ नयेत म्हणून भर गर्दीच्या दिवसाचा वेळ धरला आणि तोच सगळ्या फेऱ्यांना लावून टाकला. शाळांना सुट्टी लागली, दोन स्टॉपवर कोणी उभंच नव्हतं, सिग्नल हिरवे मिळाले की गाडी तीन-चार मिनिटं आपोआप पुढे जाते. शिवाय तुमच्या स्टॉपची ७:४० ही वेळ कोणी मोजून ठरवलेली नाही, मोठ्या दोन स्टॉपांच्या वेळा घेतल्या आणि मधला वेळ अंतर बघून वाटून टाकला एवढंच. ॲपमध्येही ७:४० च दिसत होतं असं तुम्ही लिहिलंय, ते त्यामुळेच. ॲपला वेळापत्रकाची जी फाइल जाते, जीटीएफएस म्हणतात तिला, तिच्यात प्रत्येक स्टॉपच्या वेळेपुढे ती पक्की आहे की अंदाजे हे लिहायची सोय आहे. आम्ही सरसकट सगळ्याच पक्क्या म्हणून पाठवल्या. फसवणूक हा शब्द वाचून मला लागलं होतं, पण हे सगळं बघितल्यावर त्यावर वाद घालावा असं वाटत नाही.

८:१० ची गाडी भरून आणि उशिरा का आली त्याचंही मूळ तिथेच आहे. पुढची गाडी लवकर गेली की तिला स्टॉपवर माणसं कमी मिळतात, ती आणखी पळते, आणि जे राहिले ते सगळे मागच्या गाडीच्या वाट्याला येतात. तिला प्रत्येक स्टॉपवर चढ-उताराला जास्त वेळ लागतो, ती आणखी मागे पडते, आणि पडत पडत शेवटी तिच्याही मागची गाडी तिला येऊन चिकटते. न्यूएल आणि पॉट्स या दोन संशोधकांनी हे १९६४ साली गणिताने मांडून ठेवलंय. मी इतकी वर्षं ही बससेवा चालवतोय आणि लेट गाडीच्या ड्रायव्हरला ओरडत होतो, पुढे पळालेल्याकडे बघतच नव्हतो.

काय बदललं ते सांगतो. सगळ्या गाड्यांची घड्याळं आता रोज पहिल्या फेरीआधी मोबाइलशी जुळवायची आणि तसं वहीत लिहायचं. कुठल्याही स्टॉपवरून छापलेल्या वेळेआधी गाडी हलवायची नाही. जास्त थांबायची वेळ आली तर तीन स्टॉप ठरवलेत जिथे बाजूला जागा आहे आणि मागचा ट्रॅफिक अडत नाही. सकाळची, दुपारची आणि सुट्टीच्या दिवसाची धावायची वेळ वेगवेगळी मोजतोय, त्याला अजून दोन-तीन आठवडे लागतील. आणि मधे मधे घुसवलेला जादा वेळ काढून लास्ट स्टॉपला ड्रायव्हरचा हक्काचा ब्रेक म्हणून देतोय, तो त्यांना पळवून कमवावा लागू नये. उशीर झाल्याबद्दल लेखी घेणं बंद केलंय, आता लवकर सुटलेल्या गाडीची विचारणा होते आणि ती आधी मला होते, मग ड्रायव्हरला.

याचा त्रास आत बसलेल्यांना होणार हे माहितीये. आज सकाळी मी तुमच्याच स्टॉपवर उभा होतो. गाडी ७:३८ ला आली, थांबली, दार उघडं. आतून एक-दोघं "चला की आता" म्हणायला लागले, एकाने पुढे येऊन ड्रायव्हरला घड्याळ दाखवलं, ड्रायव्हरने पण त्याला घड्याळच दाखवलं. ७:३९ ला एक आजोबा काठी टेकत आले, दांडा धरला, एक पाय वर, मग दुसरा, बसायला सगळा मिळून अर्धा-पाऊण मिनिट लागलं असेल. ७:४० ला गाडी सुटली. मला तुमच्या आई आठवल्या, त्यांना मी पाहिलेलं नाही तरी.

आईंच्या तपासणीची नवीन तारीख मिळाली की ऑफिसला फक्त कळवा, त्या दिवशी त्यांच्यासाठी पुढची सीट मी राखून ठेवायला सांगतो. आणि यापुढे आमची कुठलीही गाडी तुमच्या मोबाइलच्या घड्याळाप्रमाणे छापलेल्या वेळेआधी सुटली तर तारीख, स्टॉप आणि वेळ इथेच खाली लिहा, तुम्ही किंवा कोणीही, मी त्या फेरीचा लॉग काढून इथेच टाकेन, तो आमच्या विरुद्ध गेला तरी.