गर्दीच्या नावावर खपवू नका

दिवाळीत आमच्या दहावीच्या ग्रुपवर कुणीतरी सातारच्या एसटी स्टँडचा व्हिडिओ टाकला. गाडी फलाटाला लागायच्या आधीच माणसं तिच्या बाजूनं पळतायत. दाराशी रेटारेटी, उतरणारे आतच अडकलेले. खिडक्यांतून रुमाल, पिशव्या आणि एका खिडकीतून तर चक्क लहान पोरगं आत सोडलेलं, जागा धरायला. मी लंडनहून लिहिलं, आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या, सगळेच लवकर बसतील. त्यावर एका वर्गमित्राचं उत्तर आलं, "तुमच्यात माणसंच किती? हितं गर्दी बघ की. गर्दीत धक्का लागणारच." त्याला धडाधड अंगठे आले.

मला या उत्तराचा खरोखर राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. मी रोज सकाळी हॅरोहून ट्यूबची, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेची, मेट्रोपॉलिटन लाइन पकडते, किंग्ज क्रॉसला पिकॅडिली लाइन घेते आणि होबर्नला उतरते. ट्यूबनं दिवसाला पन्नास लाखांपर्यंत प्रवास होतात. सातारा शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत जेमतेम एक लाख वीस हजार होती. गर्दीचं कारण आपण कुणाला सांगतोय? सकाळी साडेआठला किंग्ज क्रॉसला पाय ठेवायला जागा नसते. तरी दार उघडलं की फलाटावरची माणसं दोन्ही बाजूंना सरकतात आणि आतला शेवटचा माणूस उतरल्यावरच पुढं होतात. २०१५ मध्ये होबर्नच्या सरकत्या जिन्यावर एक प्रयोग झाला. एरवी उजवीकडं उभं राहायचं आणि डावीकडून चालणाऱ्यांना वाट द्यायची. तेव्हा दोन्ही बाजूंना उभं राहायला सांगितलं. माणसं जास्त मावली, हिशोब बरोबर निघाला, तरी लोक वैतागले. घाईतल्या माणसाची वाट अडवायची कशी, हे त्यांच्या पचनी पडेना. मला ते फार आवडलं होतं.

ग्रुपवर हे लिहिल्यावर लगेच लंडनमधल्या मोबाइल चोऱ्यांच्या बातम्या आल्या. चोऱ्या होतात, खरं आहे. हेडफोन न लावता अख्ख्या डब्याला रील ऐकवणारेही इथं आहेत. पण मी चोरांबद्दल बोलतच नव्हते. एरवी सज्जन असलेली, घरी पाहुण्याला चहा घेतल्याशिवाय उठू न देणारी माणसं स्टँडवर म्हातारीला कोपर मारून आत कशी घुसतात, हा माझा प्रश्न होता.

बरं, लंडनचं नाव काढलं की नाकं मुरडतात, तर लंडन राहू द्या. नोकरीच्या सुरुवातीला मी मामाकडं डोंबिवलीला होते. लोकलच्या लेडीज डब्यात शिरलं की बसलेल्या बाईला विचारायचं, "कुठं उतरणार?" तिनं "घाटकोपर" म्हटलं की ती जागा आपली. मग मध्ये कितीही बायका चढोत, घाटकोपरला ती उठते आणि तिथं आपणच बसतो. कुणी मध्ये घुसलीच तर अख्खा डबा आपल्या बाजूनं भांडतो. यापेक्षा जास्त गर्दी कुठली दाखवणार आहात? तिथं शिस्त गर्दीमुळंच आली आहे, कारण उद्या त्याच डब्यात त्याच बायका असणार आहेत.

आणि मुंबईही नको असेल तर आपल्याच जिल्ह्यात या. माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला येते तेव्हा आजी मला भाकऱ्या वाटायला घेऊन जायची. रथापुढं सत्तावीस दिंड्या, बाकीच्या मागं, प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला. समाजआरतीला चोपदारानं चोप वर केला की लाखोंचा तळ गप्प होतो. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तेवढ्याच दिंडीचे टाळ वाजत राहतात. मग चोपदार तिथं जातात, ऐकून घेतात, आणि तेव्हाच ते टाळ थांबतात. पायावर पाय पडला तर समोरचा "माउली" म्हणून वाकतो. तोच माणूस आठ दिवसांनी स्टँडवर खिडकीतून पिशवी टाकत असेल तर त्याला दोष गर्दीचा कसा द्यायचा?

सातारच्या त्याच स्टँडवर स्वारगेटच्या विनाथांबा गाडीला लोक तिकिटाच्या खिडकीशी मुकाट्यानं रांगेत उभे राहतात. ही गेली तर दुसरी येणार, आपला नंबर लागणार, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. गावाकडच्या शेवटच्या गाडीला तो भरवसा नाही, म्हणून तिथं रेटारेटी. एवढं मी मान्य करते, आणि त्याबाबतीत जास्त गाड्या न सोडणाऱ्यांना आधी धरलं पाहिजे. पण सातारच्या मुख्य रस्त्यावर, राजपथावर, फूटपाथवर दुचाकी लावणाऱ्याची कुठली शेवटची गाडी चुकत असते?

राजपथाचं मी मुद्दाम काढतेय. गेल्या पावसाळ्यात आई पोवई नाक्याकडून मोती चौकाकडं चालत निघाली होती. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, हातात काठी. फूटपाथवर गाड्या, त्यापुढं कपड्यांच्या दुकानाचे पुतळे, म्हणून ती खाली रस्त्यावर उतरली. उलट्या बाजूनं एक मुलगा दुचाकीवर जोरात आला, आरसा तिच्या दंडाला लागला आणि ती पडली. त्यानं आधी "ओ, बघून चाला की" असं ओरडून घेतलं. मग तोंड बघितलं आणि गाडी तिथंच टाकून धावला. "बाई, मी तुमच्या वर्गात होतो." आईनं आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलं. त्यानं तिला दवाखान्यात नेलं, बिल देऊ दिलं नाही, प्लास्टर निघेपर्यंत रोज संध्याकाळी येऊन जायचा. कधी फळं, कधी औषधं.

हे मीच ग्रुपवर सांगितलं होतं, तर त्याचा दाखला माझ्यावरच उलटला. "बघ, तुझ्या लंडनमध्ये कोण आलं असतं रोज?" कुणी आलं नसतं, हे मी आजही कबूल करते. पण ती त्याच्या शाळेतली बाई निघाली नसती तर? कुठल्या तरी खेड्यातून बाजाराला आलेली, कुणाचीच कुणी नसलेली म्हातारी असती तर तिला "बघून चाला की" एवढंच मिळालं असतं. आपल्याकडं ओळख निघाली की माणूस जीव टाकतो आणि ओळख निघेपर्यंत समोरचा त्याच्या हिशोबातच नसतो. रस्ता तर अनोळखी माणसांचाच असतो.

मुलगी पोटात होती तेव्हा कोटावर 'बेबी ऑन बोर्ड'चा बिल्ला लावून मी पिकॅडिलीत चढायचे. एका सकाळी एक माणूस उठला, जागा दाखवली आणि पेपर वाचत दाराशी जाऊन उभा राहिला. माझ्याकडं त्यानं नीट बघितलंही नाही. मी कुणाची कोण, हे त्याला जाणून घ्यायचं नव्हतं. त्या जागेवर बसून मी रडले होते. आधी बरं वाटलं म्हणून, आणि मग सातारची आठवण आली म्हणून. इतकी वर्षं मी त्याच डब्यातून जाते, बरीचशी तोंडं तीच असतात, त्यातल्या एकालाही माझं नाव माहीत नाही. सातारला गेले की पोवई नाक्यावरून राजवाड्यापर्यंत जायला मला तास लागतो. "कधी आलीस? बाईंचा हात कसा आहे? बारीक झालीस गं." त्या एका तासासाठी मी वर्षभर सुट्ट्या साठवते. आई पडली तेव्हा तो मुलगा रोज जात होता आणि मी फोनवर होते. ग्रुपवर मी एवढी चिडले त्यातला किती राग स्टँडवरच्या लोकांवर होता आणि किती स्वतःच्या लांब असण्याचा, हे मला नीट सांगता येणार नाही.

शेवटी वर्गमित्रानं लिहिलं, "तू तिकडं गेलीस ना, मग हितलं कशाला बोलतीस?" ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांच्या कार्डावर, नगरपालिकेला मत देता येत नाही, हे मला माहीत आहे. पण आई तिथं राहते, घराची पट्टी मी भरते, आणि तिला राजपथावरून चालत जायचं असतं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच सांगितलंय, की अडथळा नसलेला फूटपाथ हा पादचाऱ्याचा राज्यघटनेच्या कलम २१ खालचा हक्क आहे. फूटपाथवरच्या गाड्या आणि पुतळे हटवावेत, असा नगरपालिकेला द्यायचा अर्ज मी लिहून ग्रुपवर टाकलाय. वर्गमित्राचं त्यावर अजून उत्तर नाही. आईनं डाव्या हातानं सही केली, उजवा अजून दुखतो. तिच्या खाली त्या दुचाकीवाल्या मुलाची सही आहे. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.