देणग्या दिल्या, म्हणून छळ नव्हता?

सतरा सप्टेंबर, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, जवळ आला की मराठवाड्यात एक संदेश हटकून फिरू लागतो. त्याचा आशय असा : हैदराबाद संस्थानचा सातवा निजाम मीर उस्मान अली खान याने देवळांना आणि हिंदू संस्थांना देणग्या दिल्या, तेव्हा त्याच्या राज्यात धर्मावरून कोणाचा छळ झाला असणे शक्य नाही, नियम सर्वांना सारखेच होते, त्याच्या सरकारविरुद्धचा १९३८-३९चा सत्याग्रह बाहेरच्या लोकांनी घडवून आणला, आणि पुढचे अत्याचार रझाकार या सशस्त्र दलाचे होते, सरकारचे नव्हेत. निजामाला निव्वळ राक्षस ठरवणारा उलट टोकाचा संदेशही याच दिवसांत येतो आणि तोही तितकाच उथळ असतो. मात्र पहिला संदेश अभ्यासाचा आव आणून येतो, म्हणून त्याचे मुद्दे तपासणे आवश्यक आहे.

देणग्यांचा मुद्दा खरा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेला महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी निजामाने अनुदान दिले, तेथील अतिथिगृहाला त्याचे नावही आहे. अजिंठ्याची चित्रे वाचवण्यासाठी त्याच्या सरकारने इटलीहून तज्ज्ञ आणवले. परंतु राजाने स्वतःच्या मर्जीने काय दिले यावरून राजा उदार होता एवढेच ठरते. प्रजेला स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या जागेत, स्वतःच्या श्रद्धेनुसार काय करता येत होते, हा प्रश्न त्याने सुटत नाही. हैदराबाद संस्थानात प्रार्थनास्थळ नव्याने बांधायचे किंवा जुन्याची दुरुस्ती करायची, तर धर्मविषयक खात्याची, म्हणजे उमूर-ए-मजहबीची, परवानगी लागत असे. एका हाताने पुण्याला अनुदान पाठवणारे सरकार दुसऱ्या हाताने गावातल्या देवळाच्या दुरुस्तीचा अर्ज अडवून ठेवू शकत होते, आणि त्याला त्यात काही विसंगत वाटत नव्हते.

नियम सर्वांना सारखे होते, हे कागदापुरते मान्य करता येईल. १९२०च्या दशकातल्या ‘गश्ती निशान ५३’ या परिपत्रकाने सभांवर पूर्वपरवानगीचे बंधन आले. खासगी शाळा आणि आखाडेही परवानगीच्या कक्षेत आणले गेले. पण संस्थानच्या लोकसंख्येत सुमारे पंच्याऐंशी टक्के हिंदू असताना वरिष्ठ अधिकारपदे बहुतांशी मुसलमान उमरावांकडे आणि अधिकाऱ्यांकडे होती, कारभार उर्दूत चालत होता आणि धर्मखाते राज्यकर्त्यांच्या धर्माच्या चौकटीतले होते. अशा ठिकाणी परवानगी देणाऱ्याची मर्जी हाच खरा नियम होता. आर्य समाजाच्या तक्रारी नेमक्या याच स्वरूपाच्या होत्या : हवनकुंडाला हरकत, ओम्‌च्या ध्वजाला हरकत, बाहेरच्या उपदेशकांना बंदी, निलंग्याच्या हवनकुंडाचे प्रकरण त्यांतलेच. समाजाच्या काही प्रचारकांची भाषा जहाल होती, हेही नमूद करायला हवे. पण जहाल भाषेसाठी एखाद्यावर खटला भरणे वेगळे आणि घरातल्या हवनकुंडाला हरकत घेणे वेगळे.

औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजमधले प्रकरण संदेश लिहिणाऱ्यांनी जरूर पाहावे. १९३८मध्ये तेथील आणि उस्मानिया विद्यापीठातील वसतिगृहांच्या विद्यार्थ्यांनी प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्‌’ म्हणण्याचा हट्ट धरला आणि अधिकाऱ्यांनी त्यांना काढून टाकले. शिक्षण तुटलेल्या या मुलांना नागपूर विद्यापीठाने, कुलगुरू टी. जे. केदार यांच्या पुढाकाराने, सामावून घेतले. या गीताच्या काही कडव्यांविषयी मुसलमानांचे आक्षेप होते आणि त्यांवर त्या काळी देशभर गंभीर चर्चा चालू होती. तरीही आपल्या प्रार्थनेत ते म्हणणाऱ्या मुलांचे शिक्षणच बंद करणे, हे कोणत्या समान नियमात बसते?

बाहेरच्या लोकांचा मुद्दा अर्धाच खरा आहे. डिसेंबर १९३८मध्ये लोकनायक बापूजी अणे यांच्या अध्यक्षतेखाली सोलापुरात आर्य समाजाची परिषद भरली आणि त्यानंतर पंजाब व संयुक्त प्रांतांतून जथे आले, हे खरे. पण त्याआधीच, ऑक्टोबरमध्ये, संस्थानातल्या ‘हैदराबाद स्टेट काँग्रेस’ या राजकीय संघटनेचा सत्याग्रह सुरू झाला होता आणि स्वामी रामानंद तीर्थ व गोविंदराव नानल यांच्यासह संस्थानातलेच कार्यकर्ते तुरुंगात गेले होते. बिदरच्या तुरुंगात मृत्यू पावलेले भाई श्यामलाल उदगीरचे होते. शिवाय १९३९च्या ऑगस्टमध्ये आर्य समाजाचा सत्याग्रह थांबला तो सरकारने धार्मिक आचरणाविषयी खुलासे केल्यानंतर. बंधने नव्हतीच, तर खुलासा कशाचा करावा लागला?

राहिला रझाकारांचा मुद्दा, आणि संदेशातला सर्वांत कच्चा मुद्दा हाच आहे. स्टेट काँग्रेसवर तिची रीतसर स्थापना होण्याआधीच ‘जातीय’, म्हणजे एकाच धर्माच्या लोकांची संघटना, म्हणून बंदी आली आणि ती १९४६पर्यंत टिकली. लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या रझाकार दलावर मात्र तशी बंदी आली नाही. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी जमावाने पंतप्रधान छतारीच्या नवाबांच्या शिष्टमंडळाला दिल्लीला जाण्यापासून रोखले, तेव्हा निजामाने जमावाला हटवले नाही, शिष्टमंडळ बदलले; छतारी गेले आणि रझवींना पसंत असलेले मीर लायक अली पंतप्रधान झाले. ज्या दलाच्या दबावाखाली मंत्रिमंडळ बदलते, त्याच्या कृत्यांतून सरकारला वेगळे काढता येत नाही.

हा छळ केवळ हिंदूंच्या वाट्याला आला, असेही नाही. ऑगस्ट १९४८मध्ये काही प्रतिष्ठित मुसलमानांनी रझाकार दल विसर्जित करून भारतात सामील होण्याचे आवाहन केले. ते छापणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांची २२ ऑगस्टला हत्या झाली. आणि संस्थान भारतात आणणाऱ्या सप्टेंबर १९४८च्या लष्करी ‘पोलीस कारवाई’नंतर उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत हजारो मुसलमान मारले गेले. पंडित सुंदरलाल समितीने संस्थानातला हा आकडा किमान २७ ते ४० हजारांच्या दरम्यान असल्याचे सांगितले, आणि तिचा अहवाल भारत सरकारने कित्येक दशके प्रसिद्ध होऊ दिला नाही. संदेश पुढे पाठवणारे अनेकजण या हत्याकांडाकडे बोट दाखवून आधीचा छळ खोटा ठरवतात, आणि दुसऱ्या टोकाचे लोक आधीच्या छळाकडे बोट दाखवून हत्याकांड झाकतात. दोन्ही गोष्टी घडल्या आहेत, आणि त्यांचे कर्ते वेगवेगळे आहेत.