छडी कपाटावर ठेवा, बाकी चालू द्या

नव्याने रुजू झालेल्या सरांनो, बाईंनो, अभिनंदन. आता छडी आधी कपाटावर टाका. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास, दोन्हींवर बंदी घातली. पैकी पहिल्या गोष्टीपासून जपून राहा. वळ उठतो, वळाचा फोटो निघतो, फोटो पालकांच्या ग्रुपवर जातो आणि तुमच्यामागे चौकशी लागते. मानसिक त्रासाचा फोटो अजून कुणाला काढता आलेला नाही. तेव्हा 'तुझी ताई पहिली यायची, तू कुणावर गेलास रे?' हे भर वर्गात, हसत हसत विचारायला हरकत नाही. बाकीची मुलंही हसतात. आनंददायी शिक्षण म्हणतात ते हेच.

मग वर्गनियम. नियम मुलांनी मिळून बनवावेत, असं तुम्हाला प्रशिक्षणात सांगितलं असेल. (त्या प्रशिक्षणात मागच्या बाकांवर कोण मोबाइल बघत होतं आणि जेवण झाल्यावर सही ठोकून कोण पसार झालं, हा विषय इथे नको.) अवश्य बनवू द्या. मुलं भाबडी असतात, ती खरंच बनवायला बसतात. 'खेळाचा तास गणिताला देऊ नये.' 'बाईंनी तासाला फोन घेऊ नये.' 'चूक नसताना ओरडलं तर सरांनीपण सॉरी म्हणावं.' सगळं फळ्यावर लिहून घ्या, 'छान, छान' म्हणा आणि वेळेअभावी पुसून टाका. मग आधीच रंगवून आणलेला तक्ता भिंतीवर लावा: शांतता राखा, रांगेत चला, गणवेश स्वच्छ ठेवा. वर ठळक अक्षरांत 'आम्ही बनवलेले नियम'. खाली मुलांच्या सह्या हव्यात. केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळा तपासणारे साहेब) आले की आधी तिकडेच बघतात. खेळाचा तास मात्र गणितालाच द्या. आपली पाळी येईपर्यंत थांबणं, हरल्यावर न चिडणं, आउट असलो तर आपणहून बाहेर जाणं, असलं काहीबाही पोरं मैदानावर शिकतात. त्यावर परीक्षेत एकही प्रश्न येत नाही.

परिपाठात प्रतिज्ञा रोज होतेच. 'प्रत्येकाशी सौजन्याने वागेन' हे मुलांनी खणखणीत म्हणायचं. तुम्ही तेव्हा रांगांमधून फिरा, कुणाचा हात खाली आलाय ते बघा, आणि आला असेल तर मागून हळूच टपली.

दिवसभराची शिस्त मॉनिटरवर सोपवा. तुम्ही ऑफिसात ऑनलाइन माहिती भरायला गेलात (ती रोज कुठली ना कुठली भरायची असतेच, त्यात बिचाऱ्या तुमचा दोष नाही) की त्याने बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची. पुन्हा बोलला की नावापुढे फुली. थोड्याच दिवसांत पोराला सत्ता म्हणजे काय ते कळतं. जवळच्या मित्राचं नाव गळतं आणि ज्याने डब्यातली भजी दिली नाहीत त्याच्यापुढे चार फुल्या पडतात. प्रगतिपत्रकात याला 'नेतृत्वगुण आहेत' असं लिहावं.

प्रगतिपत्रकावरून आठवलं. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आल्यापासून प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी ठेवाव्या लागतात. मुलाला वर्षभर बघायचं आणि जे दिसलं ते लिहायचं, अशी मूळ कल्पना. एवढा वेळ कुणाला आहे? तयार नोंदींच्या पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरतात. 'इतरांची मते ऐकून घेतो', 'स्वतःची कामे स्वतः करतो', 'निर्भयपणे प्रश्न विचारतो', हजेरीपटाच्या क्रमाने उतरवत जा. एखाद्या मुलीपुढे 'करतो' राहिलं तरी बिघडत नाही, वाचतंय कोण. जो खरोखर प्रश्न विचारतो, 'सर, पुस्तकात वेगळं दिलंय' म्हणतो, त्याच्यासाठी 'सुधारणा आवश्यक' हा रकाना मोकळा ठेवलेलाच असतो.

पालकांची धास्ती नको. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, पण रोजंदारी बुडवून सभेला येणार किती? इतिवृत्त मुलाबरोबर घरी पाठवून सही आणता येते. आणि जे येतात, त्यांतले काही जण तर स्वतःच म्हणतात, 'गुरुजी, बिनधास्त बडवा त्याला.' अशा वेळी कलम १७ आठवून जरा संकोचल्यासारखं करा.

खरी अडचण असते प्रामाणिक पोराची. वर्गाची काच फुटते आणि एखादा आपणहून येऊन सांगतो, 'बाई, माझ्याकडून फुटली.' त्याचं नीट ऐकून घ्यावं, आता काय करू या ते त्यालाच विचारावं, भरपाईचं एखादं झेपेल असं काम त्याच्याबरोबर ठरवावं, असं सकारात्मक शिस्तवाले सांगतात. त्यात अर्धा तास जातो. त्यापेक्षा त्याला वर्गाबाहेर उभा करा, वडिलांना बोलवा, काचेचे पैसे वसूल करा आणि दुसऱ्या दिवशी परिपाठात सगळ्यांसमोर त्याचं नाव घ्या. पुढची काच फुटेल तेव्हा असा वेळ जाणार नाही. 'कुणी फोडली?' विचारलंत की अख्खा वर्ग हाताची घडी घालून एका सुरात 'माहीत नाही, बाई' म्हणेल, आणि नेमके तेव्हाच केंद्रप्रमुख दारात येऊन उभे राहिले, तर वर्गाच्या शिस्तीबद्दल शेरेबुकात चार चांगल्या ओळी लिहून जातील.